म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगाचा वास: हे वयामुळेच का?

रानजाई

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आमचा ढब्बू १३ वर्षांचा आहे. लांब केसांचा, मिश्र जातीचा, वजन २२ किलो. गेल्या ४-५ महिन्यांपासून त्याच्या अंगाला वास येतो. कुत्र्याचा म्हणून जो वास असतो तो नव्हे, तो तर मला आवडतो. हा जड, कुजकट वास आहे. ढब्बू खोलीतून उठून गेला तरी वास तिथेच बसून राहतो.

दर आठवड्याला अंघोळ घालते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या. तीन शाम्पू बदलून झाले. अंथरूण धुते, खिडक्या उघड्या ठेवते. घरातले म्हणतात, वय झालं त्याचं, आता असंच चालायचं. पाहुणे यायचे असले की त्याला मागच्या खोलीत नेऊन बसवतात.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. ढब्बूच्या पोटावर डोकं ठेवूनच ती मोठी झाली. काल त्याने तिच्या मांडीवर तोंड ठेवलं आणि ती नाक दाबून उठून गेली. तो तिच्याकडे बघत राहिला. मला रात्री झोप लागली नाही.

विचारायचं एवढंच आहे की हे म्हातारपणच आहे का? असेल तर तुम्ही कसं निभावलंत? आणि नसेल तर मी सुरुवात कुठून करू?

साधामाणूस

ताई, मनाला लावून घेऊ नका. कुत्रं म्हटलं की वास आलाच, त्यात तेरा वर्षांचं. आमच्या मोतीला शेवटची दोन वर्षं असाच वास यायचा. खायचा सोडा अंगावर भुरभुरायचा, अर्ध्या तासाने ब्रशने झाडून काढायचा. तेवढ्यापुरता फरक पडतो. या वयात दवाखान्याच्या चकरा मारून त्याला आणखी त्रास कशाला?

दोनशेपट्या

साधामाणूस, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी सहमत नाही. आजवर चार कुत्री म्हातारी होताना पाहिली आहेत. त्यातली दोन अखेरच्या दिवसापर्यंत अजिबात वास मारत नव्हती. उरलेल्या दोघांना वास यायचा आणि दोघांनाही काही ना काही दुखणं निघालं. एकाचा कान, दुसऱ्याच्या शेपटीखालची ग्रंथी.

रानजाई, रोज त्याच्याजवळ असल्याने तुझ्या नाकाला सवय झालेली असणार. वास कुठून येतो ते तुला नीट कळणार नाही. जी व्यक्ती महिनाभर तुमच्या घरी आलेली नाही अशा कुणाला तरी विचार की नेमका कुठे वास येतो, तोंडाशी की शेपटीशी. विचारायला लाज वाटेल, पण विचार.

आणि त्याच्या गळ्यातला पट्टा हुंगून बघितलास का? कातड्याचा असेल तर आधी तोच हुंग.

गुरांचाडॉक्टर

मी निवृत्त पशुवैद्य आहे. सुरुवातीची काही वर्षं गुरं तपासली, मग जन्मभर कुत्री-मांजरं. धाग्यावरून निदान होत नाही हे आधीच सांगतो. पण शोधायचं कसं ते सांगता येईल.

नुसत्या वयाने कुजकट वास येत नाही. वय वाढलं की वास आणणाऱ्या गोष्टी वाढतात, आणि 'वय झालं' म्हटलं की त्या शोधायचं आपण सोडून देतो. अंघोळीनंतर दोन दिवसांत वास परत येतोय याचा अर्थ तो कातडीवरच्या मळाचा नाही. कुठून तरी नव्याने तयार होऊन अंगावर पसरतोय. कुत्रा दिवसभर स्वतःला चाटत असतो. तोंडात घाण असली की ती पाय, छाती, कुशी सगळीकडे लागते आणि सगळा कुत्राच वास मारतोय असं वाटायला लागतं.

पुढच्या अंघोळीनंतर दोन दिवस थांबा. पांढऱ्या सुती कापडाचे सात-आठ तुकडे घ्या. वरचा ओठ उचलून गालाच्या आत हिरडीवरून एक तुकडा फिरवा. दुसऱ्या बाजूला दुसरा, कारण दोन्ही बाजू वेगळ्या बघायच्या आहेत. खालच्या ओठाजवळ कातडीची घडी असेल तर तिच्यातून एक. कानाच्या पाळीच्या आतून प्रत्येकी एक, पण कानात खोल काही घालायचं नाही. बोटांच्या मधून एक, शेपटीच्या मुळाखालून एक, पोटावरून एक. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत झाकून ठेवा. मग बाहेर जा, चार श्वास मोकळ्या हवेत घ्या आणि एकेक डबी उघडून हुंगा. तुमचा वास बहुधा कुठल्या तरी एखाद्या डबीत सापडेल.

वासही काही सांगतो. मासळीसारखा असेल तर बहुधा गुदग्रंथी. आंबूस, ओलसर, जुन्या पिठासारखा असेल तर कानात किंवा कातडीवर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असतं. कुजकट असेल तर तोंड किंवा केसांखाली झाकलेली जखम. तोंडाला लघवीसारखा उग्र वास येत असेल तर मूत्रपिंडं तपासून घ्यायची. पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास असेल, शिवाय कुत्रा खात नसेल, ओकत असेल, तर तो वाढलेला मधुमेह असू शकतो. त्यात उद्यापर्यंतही थांबू नये.

सोड्याबद्दल: अंगावर राहिलेला सोडा कुत्रा चाटतो आणि तो पोटात जास्त गेला तर अपाय होतो. टी ट्री ऑइल तर कुणीही लावू नका, ते कुत्र्यांना विषारी आहे. अत्तर, सेंट, सुगंधी पावडर यांनी वास झाकला जातो, त्याचं कारण आत वाढत राहतं. शिवाय कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्याच्या अंगावर दिवसभर सेंट ठेवणं म्हणजे त्याच्या नाकाचा छळ आहे.

वाटसरू

मासळीच्या वासाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आमचा छोट्या जातीचा, १२ वर्षांचा आहे. बसल्या जागी जमिनीवर ढुंगण घासत पुढे सरकायचा. आम्ही आधी हसायचो, व्हिडिओ काढायचो. आता तो व्हिडिओ बघवत नाही. ग्रंथी गच्च भरल्या होत्या, एकीत पू झाला होता.

शीची जागा घड्याळाच्या मधोमध धरली तर ४ आणि ८ वाजताच्या जागी या ग्रंथींच्या दोन पिशव्या असतात. शी होताना त्या आपोआप दाबल्या जाऊन रिकाम्या व्हायच्या असतात. शी सैल असली किंवा कुत्रा जाड असला की त्या नीट रिकाम्या होत नाहीत. मी दवाखान्यात शिकून घेतलं आणि आता दर १५ दिवसांनी घरीच रिकाम्या करतो.

गुरांचाडॉक्टर

वाटसरू, दर १५ दिवसांनी खरंच गरज आहे का ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. भरलेल्या नसताना दाबत राहिलं की तिथे सूज येते. वजन आणि शी घट्ट होण्याकडे लक्ष दिलंत तर दोन वेळांमधलं अंतर वाढेल.

दुसरं असं की म्हाताऱ्या कुत्र्यात या पिशव्यांमध्ये गाठही होते. बाहेरून ती दिसत नाही, डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात तेव्हा लागते. अशा गाठीने कधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि कुत्रा जास्त पाणी प्यायला लागतो. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याच्या दर सहामाही तपासणीत ती जागा बोटाने तपासायला सांगा.

कातळ

आमच्याकडे वास कातडीचाच होता, म्हणून ती बाजूही लिहितो. आमची ९ वर्षांची लॅब. अंग सतत तेलकट, हात फिरवला की हाताला वास. खाणं तेवढंच असूनही वजन वाढत होतं, शेपटीवरचे केस गेले, दिवसभर झोपायची. आम्हीही म्हणायचो की वय झालं. रक्त तपासलं तर थायरॉइड कमी. रोज गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा चेंडू घेऊन दारात उभी! वासही गेला.

मधल्या काळात औषधी शाम्पू दिला होता, क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलवाला. त्यात माझी मोठी चूक झाली. मी लावायचो आणि लगेच धुवायचो. तो १० मिनिटं अंगावर राहावा लागतो, नाहीतर उपयोग नाही. मी घड्याळ लावून बसायला लागलो, ती शहाण्यासारखी फेसात उभी राहायची. आणि अंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं. लांब केसांच्या कुत्र्याचे वरचे केस वाळतात, आतली कातडी तासन् तास ओली राहते, आणि यीस्टला ओल हवीच असते. रानजाई, दर आठवड्याच्या अंघोळीनंतर ढब्बू आतून वाळतो का ते बघा. माणसांचा शाम्पू वापरत असाल तर बंद करा, आपली कातडी त्यांच्यापेक्षा जास्त आम्लधर्मी असते.

खारूताई

आमच्याकडे 'अंघोळ' हा शब्द उच्चारायची सोय नाही, १४ वर्षांचा कुत्रा पलंगाखाली सशासारखा धावतो. एरवी त्याला ऐकूच येत नाही! :)

भुईचाफा

लघवीबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमची ११ वर्षांची आहे, नसबंदी लहानपणीच झाली. झोपेत लघवी गळायची. तिला स्वतःला कळायचंच नाही. उठली की खाली ओलं दिसायचं आणि ती शरमून कोपऱ्यात जाऊन बसायची. आधी आम्ही तिला रागावलो. ते आजही आठवलं की पोटात तुटतं.

लघवी तपासली, जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, नसबंदी झालेल्या माद्यांत वयानुसार लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो. त्यावर औषध आहे, रोज द्यावं लागतं. तिला आठवड्याभरात फरक पडला. मागचे आणि पोटाखालचे केस बारीक कापून घेतले, कारण लघवी केसांत मुरते आणि खालची कातडी भाजल्यासारखी लाल होते. गादीवर जलरोधक खोळ, तिच्यावर जाड सुती चादर. चादर रोज धुते. जमीन पुसायला एन्झाइमवालं क्लीनर आणते. अमोनिया असलेल्या फिनेलने पुसलं की त्यांना तो लघवीचाच वास वाटतो आणि तिथेच पुन्हा होते.

शेवंता

केसांखाली बघा हे डॉक्टरांचं वाक्य कुणी सहज घेऊ नका. आमचा कुत्रा सांधेदुखीने फारसा उठत नव्हता. शेपटीखाली केसांचा गुंता झाला होता, त्यात शी अडकायची. वास यायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, शीचाच आहे. तिसऱ्या दिवशी गुंता कापला तर खाली जखम आणि जखमेत अळ्या. डॉक्टरांनी सांगितलं की माशीने घातलेली अंडी एका दिवसात फुटू शकतात. तो वाचला, पुढे वर्षभर होता. तेव्हापासून जो कुत्रा उठत नाही त्याचे केस रोज हाताने विंचरून आत बघायचे, हा आमच्या घरचा नियम आहे.

अबोली

धागा छान चाललाय. मलाही विचारायचं होतं. आमची राणी १० वर्षांची, नसबंदी केलेली नाही. ५-६ आठवड्यांपूर्वी माजावर येऊन गेली. आता मागून वास येतो, सारखी तिथे चाटते, थोडं तपकिरी काहीतरी चादरीला लागतं. पाणी खूप पिते, दोन दिवस जेवणही कमी आहे. उन्हाचं असेल बहुधा. तिच्यासाठी कुठला शाम्पू चांगला?

गुरांचाडॉक्टर

अबोली, शाम्पू राहू द्या. हे वाचलंत की राणीला घेऊन निघा, आत्ताच्या आत्ता. नसबंदी न झालेली वयस्क मादी, माज होऊन महिना-दोन महिने, घाण स्राव, जास्त पाणी, खाणं कमी. गर्भाशयात पू झाला असण्याची दाट शक्यता आहे. सोनोग्राफीत लगेच कळतं. उशीर झाला तर जीव जातो. दवाखाना बंद असेल तर रात्रीची सेवा कुठे आहे ते फोन करून शोधा. घरातली कुठलीही गोळी देऊ नका. माणसांची तापाची, दुखण्याची औषधं कुत्र्यांना मारक ठरू शकतात.

भुईचाफा

अबोली, निघालीस का? इथे कळव.

दोनशेपट्या

अबोली??

रानजाई

राणीसाठी मनापासून प्रार्थना. मीही आज कापडाचे तुकडे करून बघितले. आत्ता लिहायची वेळ नाही हे कळतंय, पण अबोलीचा निरोप येईपर्यंत जागीच आहे, म्हणून लिहिते.

आठ डब्या केल्या. कान दोन्ही थोडे आंबूस. बोटं ठीक, शेपटी ठीक, पोट ठीक. उजवा गाल वाईट. डाव्या गालाची डबी उघडली आणि मला ओकारी आली. तोच वास, जो आमच्या घरात पाच महिने फिरतोय. कापडावर गुलाबी डाग होता. मी ओठ नीट वर करून बघितलं तर मागचा मोठा दात दिसतच नव्हता, नुसतं तपकिरी कवच आणि लाल हिरडी. ढब्बूने मान ओढून घेतली, पण गुरगुरला नाही.

मग आठवलं की तो हल्ली मान वाकडी करून एका बाजूनेच खातो. कडक बिस्किट तोंडातून टाकून देतो. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी लाडावलाय. या सगळ्या दिवसांत मी त्याला शाम्पू लावत होते.

अबोली

मध्यरात्र उलटून गेलीय. गर्भाशयात पू होता. सलाइन चालू आहे, रक्त तपासलं, पहाटे ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. मी शाम्पू विचारायला आले होते इथे. हात थरथरताहेत, नंतर लिहिते.

वाटसरू

आम्ही सगळे आहोत. सकाळी कळव.

साधामाणूस

अबोली, तुमच्या राणीला बरं वाटो.

रानजाई, तुमच्या ढब्बूबद्दल एक सांगायचं आहे, राग मानू नका. दात काढायचे म्हणजे भूल द्यावी लागणार. या वयात भूल देऊ नका. तोंडाला लावायचं काही औषध, अँटिबायोटिक यावर भागवा. भूल न देता दात साफ करून देणारेही असतात, त्यांना विचारा.

कातळ

साधामाणूस, थेट विचारतो. सरसकट नको म्हणायला कारण काय? किडलेल्या दातासकट जगायचं का त्याने?

साधामाणूस

कारण आमचा मोती टेबलावरून उठला नाही. १२ वर्षांचा होता. प्लीहेवर गाठ होती, ती काढायला नेला होता. सकाळी शेपटी हलवत आत गेला. मी सही केली होती. सहा वर्षं झाली.

दोनशेपट्या

साधामाणूस, फार वाईट वाटलं. हे मनात असताना तुम्ही आमच्याशी शांतपणे बोलत होतात.

गुरांचाडॉक्टर

साधामाणूस, माझ्या टेबलावरही असे गेले आहेत. प्रत्येक आठवतो. म्हणून भुलेत धोका नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्लीहेची गाठ हीच मुळात जीवघेणी गोष्ट आहे. ती कधीही फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. मोती त्या दुखण्यापायी गेला, तुमच्या सहीपायी नाही.

रानजाई, निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. त्यांना काय विचारायचं ते सांगतो. भुलेआधी रक्त, मूत्रपिंडं आणि यकृत बघणार का? हृदय तपासणार का, आणि आवाजात काही शंका आली तर सोनोग्राफी करणार का? भूल चालू असताना सलाइन, अंग गरम ठेवणं, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर नजर ठेवायला वेगळा माणूस असणार का? दातांचा एक्स-रे काढणार का? दाताचा अर्ध्याहून जास्त भाग हिरडीखाली असतो, पू मुळाशी असतो, तो वरून दिसत नाही. भुलेशिवाय दात खरवडले की दिसणारा भाग चकचकीत होतो आणि हिरडीखालची घाण तशीच राहते. वास महिन्याभरात परत येतो आणि मधल्या काळात सगळे निर्धास्त असतात. अँटिबायोटिकचंही तेच. गोळ्या चालू असेपर्यंत वास कमी, संपल्या की पुन्हा.

या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तर १३ हा आकडा एकटा नकाराचं कारण होऊ शकत नाही. मूत्रपिंडं किंवा हृदय फारच थकलेलं निघालं तर मग दुखणं कमी ठेवून उरलेले दिवस सुखाचे करायचे, तोही मार्ग आहे.

अबोली

राणी उठली! ऑपरेशन नीट झालं. अजून दोन दिवस तिथेच राहणार आहे. मला बघून शेपटीचं टोक हललं, तेवढंच. पुरे झालं.

खारूताई

:) :) आज आमच्या पलंगाखालच्या सशालासुद्धा एक घास जास्त.

रानजाई

अबोली, किती बरं वाटलं.

आमचं इतकं झालं: रक्त ठीक आलं. हृदयात हलका आवाज होता, सोनोग्राफी केली, डॉक्टर म्हणाले की भूल देता येईल, सावधपणे देऊ. कानातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, यीस्ट आहे, थेंब दिलेत. पडदा फाटलेला नाही ना ते आधी बघितलं, कारण फाटका असेल तर काही थेंबांनी उलट इजा होते.

घरात दोन तट आहेत. माझ्या आईला साधामाणूस म्हणतात तेच वाटतं. मी दोन रात्री ढब्बूशेजारी जमिनीवर झोपले. झोपेत तो जबडा पंजावर घासतो, हे मला आधी कधी दिसलंच नव्हतं. मंगळवारची वेळ घेतली आहे. साधामाणूस, तुमचा मोती माझ्या मनात आहे.

साधामाणूस

मंगळवारी फोन जवळ ठेवतो. कळवा.

रानजाई

घरी आलो. ९ दात काढले. डाव्या बाजूच्या वरच्या मोठ्या दाताच्या मुळाशी पू होता, हाड झिजलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे कित्येक महिन्यांचं आहे. ढब्बू गुंगीत आहे, कण्हतोय. वेदनेचं औषध दिलंय, दोन आठवडे मऊ खाणं.

साधामाणूस

बरं झालं. खरंच बरं झालं.

रानजाई

ऑपरेशनला दोन आठवडे झाले. धागा वर आणतेय, कारण ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना पुढचं सांगायलाच हवं.

तोंडाचा वास गेला. पूर्ण गेला. पाचव्या दिवशीच जाणवलं. पण घरात थोडा वास उरला होता, आणि मी पुन्हा घाबरले. मग दोनशेपट्याचं वाक्य आठवलं आणि गळ्यातला पट्टा काढून हुंगला. बाई गं. पाच महिने त्यावर लाळ गळत होती, कातडं सगळं प्यायलेलं. फेकून दिला, आता धुता येईल असा कापडी घेतलाय. छातीवरचे आणि पुढच्या पायांचे केस आखूड कापले, तिथेही लाळ मुरलेली होती. गादीची खोळ मी धुवत होते पण आतला स्पंज तसाच होता, तो बदलला. त्यानंतर घरात काही नाही.

शाम्पू महिन्यातून एकदा केलाय. अंघोळीनंतर टॉवेल, मग थंड हवेवर ड्रायर, आणि शेवटी बोटांनी केस बाजूला करून कातडी कोरडी झाली का ते बघते. कातळ, तुमचं ऐकलं. आधी तो आतून ओलाच राहत होता.

माझ्या पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आमच्या बाबतीत ते वय नव्हतं. पाच महिने त्याचा दात दुखत होता.

भुईचाफा

मुलगी?

रानजाई

तिला मी दात दाखवला. डॉक्टरांनी डबीत दिला होता. ती काही बोलली नाही, जाऊन त्याच्याजवळ बसली. पाहुण्यांसाठी मागच्या खोलीत नेणं तिनेच बंद करायला लावलं.

साधामाणूस

रानजाई, एक लिहायचं राहिलं होतं. मोतीही शेवटी एका बाजूने खायचा. आम्ही पाव भिजवून द्यायला लागलो आणि पुढे विचार केला नाही. सोडा मात्र न चुकता लावत होतो. तुमच्या कापडाच्या डब्या मी आमच्या शेजाऱ्यांना करायला सांगितल्या, त्यांचा ११ वर्षांचा आहे. उजवा कान निघाला. काल डॉक्टरकडे घेऊन गेलो, मीच.

गुरांचाडॉक्टर

साधामाणूस, तुमचे आभार.

खारूताई

माझा प्रश्न राहिला. आमचा तोंडाला हातच लावू देत नाही. दात घासायची सवय १४व्या वर्षी लागते का? आणि आपली टूथपेस्ट चालते का?

गुरांचाडॉक्टर

माणसांची पेस्ट अजिबात नको. कुत्रे थुंकत नाहीत, गिळतात. त्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ, ज्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरायची. आणि घासायच्या आधी तोंड तपासून घ्या. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर तो पुन्हा कधीच जवळ येऊ देणार नाही. सवय कशी लावायची ते रानजाई जास्त चांगलं सांगतील, त्या सध्या तेच करताहेत.

रानजाई

हो. डॉक्टरांनी टाके भरल्यावर परवानगी दिली, मग सुरू केलं. पहिले काही दिवस फक्त ओठाला बाहेरून बोट लावायचं, खाऊ द्यायचा, उठायचं. मग बोटाला ओलं सुती कापड गुंडाळून पुढच्या दातांवरून एकदाच. दोन सेकंद. तो मान फिरवायच्या आत मीच थांबते. हल्ली पेस्ट चाटायला मिळते म्हणून कापड दिसलं की येऊन बसतो. उजव्या बाजूचे मागचे दात आता आरामात होतात. डावीकडे हात नेला की अजूनही डोळे मिटून घेतो. तिथे काही उरलेलं नाही, नुसती बरी झालेली हिरडी आहे, तरी मी तिकडे जरा हळूच जाते.